मोकाटमधला हिरवा दिवा

मोकाटमध्ये माणसांना नावं नसतात. महापालिकेच्या पाटीवर ‘श्वान क्रीडांगण’ असं भारदस्त लिहिलंय, पण ते म्हणायला जीभ कोण वळवणार? कुत्री साखळीशिवाय मोकाट हुंदडतात म्हणून ते मोकाट. तिथे मी चिवड्याची आई. माझी मैत्रीण राजमाची आई. एक चष्मेवाले गृहस्थ सुलतानचे बाबा, आणि त्यांची बायको, जिला कुत्री डोळ्यांसमोर नको असतात, ती बिचारी सुलतानच्या बाबांची बायको. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, टिपणीसबाई आल्या म्हटलं की वर्ग चिडीचूप व्हायचा. कुंपणाच्या आत त्याचं कुणाला काही नाही.

यामागे शहाणपण आहे असं मी तेव्हा म्हणायचे. नाव विचारलं की आडनाव येतं, आडनावामागून गाव येतं, जात येते, सोसायटी येते आणि शेवटी पार्किंगची भांडणं येतात. त्यापेक्षा कुत्र्याच्या नावावर भागवलेलं बरं. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, पत्ता विचारायचा नाही, मैत्री कुंपणात सुरू करायची आणि कुंपणातच ठेवायची. अशी मैत्री फार मोकळी होते. ज्या बाईचं खरं नाव मला ठाऊक नव्हतं तिला मी माझ्या घरातलं सगळं सांगत होते.

राजमाची आई माझ्याच वयाची, म्हणजे साठी उलटलेली. कापलेले केस, हसताना तोंडावर हात. तिचा राजमा आखूड पायांचा, लांबट, राजम्याच्याच रंगाचा. माझा चिवडा गावठी. काळा, पांढरा, तपकिरी, हाताला येईल तो रंग टाकून केलेला. आता म्हातारा झालाय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि हृदय कमजोर म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनला नाही म्हटलं. तरी घरात तो डोळसासारखा फिरायचा. माझं घर तळमजल्यावर, मागे हातभर अंगण, त्यात कढीपत्ता. कपाटाचा कोपरा, अंगणाची पायरी, पाण्याचं भांडं, सगळं त्याला नाकाने पाठ होतं.

‘या घरातून मी बाहेर पडेन ती चौघांच्या खांद्यावरूनच,’ असं मी राजमाच्या आईला एकदा म्हटलं होतं. मुलगा, निमिष, हल्ली ज्येष्ठांच्या संकुलांबद्दल फार बोलायला लागला होता, म्हणून म्हटलं. तिने माझा हात धरला होता. ‘तू नको काळजी करू,’ म्हणाली, ‘असं कोण काढतंय तुला.’

आता कॉलरबद्दल सांगायला हवं.

मोकाट सुरू झालं तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी खूप आरडाओरडा केला. कुत्री मोकळी सोडणार, ती चावणार नाहीत याची हमी काय? हमी म्हणून कॉलर आली. कुत्र्याच्या कानामागे कातडीखाली तिळाएवढा सेन्सर बसवतात. तो मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपतो आणि गळ्यातल्या कॉलरला कळवतो. आपण माणूस चेहऱ्याने ओळखतो, कुत्रा वासाने. अनोळखी वास आला की त्याचा मेंदू शोधाशोध करायला लागतो आणि लहरी विस्कटतात. वास ओळखीचा असला की त्या चटकन शांत होतात. राग आला किंवा भीती वाटली की त्यांचा वेगळाच थयथयाट होतो. कॉलरवर एक बारीक दिवा असतो. अनोळखी माणसाला हुंगलं की पिवळा, ओळखीच्याला निळा, आणि चावण्याचा रंग दिसला की लाल. लाल लागला की कॉलर शिट्टी मारते आणि मालकाने मुकाट्याने साखळी घालायची. एवढं साधं ते यंत्र, आणि त्याने मोकाटमध्ये खरंच शांतता आणली होती.

त्या मार्चमध्ये कॉलरला नवं अपडेट आलं आणि चौथा रंग मिळाला. हिरवा. हिरवा म्हणजे घरचा.

त्या सकाळी मोकाटमध्ये जत्रा होती. जो तो आपल्या कुत्र्यासमोर हात धरून उभा. सुलतानच्या बाबांनी कधी नव्हे ते बायकोलाही ओढून आणलं होतं. सुलतानने तिचा हात हुंगला आणि दिवा निळा लागला.

‘एका घरात राहते मी याच्याबरोबर,’ ती म्हणाली, ‘आणि मी नुसती ओळखीची?’

‘तू त्याला कधी जवळ तरी घेतलंस का?’

‘बरं झालं. आता याला आंघोळ तुम्हीच घाला.’

सगळे हसलो. मी चिवड्याला हात दाखवला, हिरवा. मला उगाच छाती फुगल्यासारखं झालं. तेवढ्यात चिवडा वळला, हवेत नाक फिरवलं आणि सरळ राजमाच्या आईकडे गेला. तिच्या साडीचा काठ हुंगला, पायावर हनुवटी टेकली.

दिवा हिरवा.

‘अगं बाई, बिघडलंय वाटतं,’ ती म्हणाली आणि पाय मागे घेतला. चिवडा पुन्हा तिच्याकडे सरकला. हिरवा तो हिरवाच. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ‘मी निघते गं. गॅसवर दूध ठेवून आलेय.’

राजमाला काखोटीला मारून ती निघूनसुद्धा गेली. दूध तिला पचत नाही, हे तिनेच मला सांगितलेलं होतं. चहाही ती कोरा पिते.

मी फाटकाजवळच्या खोलीत गेले. तिथे श्वान निरीक्षक तांडेल मॅडम बसतात. मॅडम म्हणायचं एवढंच, पोरगी माझ्या विद्यार्थिनींच्याही मुलींच्या वयाची.

‘कॉलर बिघडलीय,’ मी म्हटलं. ‘बाहेरच्या बाईला हिरवं दाखवतेय.’

तिने आपल्या यंत्राने चिवड्याचा सेन्सर तपासला. ‘काही बिघाड नाही, काकू.’

‘मग?’

‘कुत्रा झोपला ना, की त्याचा मेंदू दिवसभराचे वास पुन्हा एकदा चाळतो. जे वास झोपायच्या जागेभोवती मुरलेले असतात, त्यांच्यावर तो वेगळी खूण करतो. हे आपलं, म्हणून. ती खूण आता आम्हाला वाचता येते. त्यासाठीच तर हिरवा आणला. लोक परगावी गेले की कुत्रं कुणाच्याही गळ्यात मारायचे, आणि नंतर ते रस्त्यावर दिसायचं. आता नियमच झालाय, नोटीस संक्रांतीलाच लागली होती. दुसऱ्याच्या नावावर कुत्रा करायचा तर त्याच्यासमोर आधी हिरवा लागायला पाहिजे. सही खोटी करता येते, झोपेतला मेंदू कसा खोटं बोलेल?’

‘म्हणजे ती बाई माझ्या घरी येते?’

‘येते आणि तो झोपतो तिथे बसते. एकदा-दोनदा येऊन असा रंग लागत नाही.’

‘पण घरी तर मीच असते.’

‘सारख्याच असता का, काकू?’

नव्हते. गुरुवारी दुपारी मी वाशीला जात होते, गुडघ्यांच्या व्यायामाला. निमिषनेच ते लावून दिलं होतं. गाडीही तोच बोलवायचा. ‘आई, एकही गुरुवार चुकवायचा नाही हं,’ असं बजावायचा. मला त्याचं किती कौतुक वाटायचं म्हणून सांगू! मुलगा घणसोलीला वेगळा राहतो, पण आईचे गुडघे त्याच्या लक्षात आहेत, हे मी राजमाच्या आईलाही सांगितलं होतं. ती तोंडावर हात ठेवून हसली होती.

त्या गुरुवारी मी गाडीत बसले आणि वळणावरच उतरले. जरा वेळ मारुतीच्या देवळात बसले. मग मागच्या गल्लीने येऊन अंगणाचं दार ढकललं.

राजमाची आई माझ्या दिवाणावर आडवी झाली होती. खाली चिवडा आपल्या गोधडीवर झोपला होता आणि तिचा हात त्याच्या पाठीवर होता. ओट्याशी निमिष चहा गाळत होता. एक कप कोरा.

‘आई! तू व्यायामाला...’

‘झाला व्यायाम,’ मी म्हटलं. ‘चालत आले.’

चिवडा जागा झाला. त्याला काय, दोन्ही माणसं घरची. तो शेपटी हलवत आमच्या दोघींच्या मध्ये उभा राहिला. राजमाची आई उठून बसली आणि पदर सारखा करायला लागली. तेवढ्याशा पदराला सारखं करायला तिला फार वेळ लागला.

निमिषने सगळं भराभर सांगितलं. पाठ केल्यासारखं. जूनमध्ये तो आणि सूनबाई व्हँकुव्हरला जाणार, कायमचे. घर यांना विकायचं ठरलंय. माझ्यासाठी तळेगावच्या बाजूला एका संकुलात खोली घेतलीय, डॉक्टर चोवीस तास, समोर डोंगर.

‘तुला डोंगर आवडतात ना,’ तो म्हणाला.

‘मला कधी सांगणार होतास?’

‘सगळं ठरलं की सांगणारच होतो. तुला उगाच त्रास नको म्हणून...’

‘सगळं ठरल्यावर सांगतात ती बातमी असते, निमिष. त्याला विचारणं म्हणत नाहीत.’

मी ओरडू शकले असते, पण कशाच्या जोरावर? घर त्याच्या नावावर होतं. हे गेले तेव्हा त्याच्या सांगण्यावरून मी माझा हक्क सोडला. वकिलाने दोनदा विचारलं होतं, बाई, नक्की ना? मी उलट त्यालाच झापलं. माझा मुलगा आहे तो, म्हटलं, भाडेकरू नाही.

‘आणि तू?’ मी तिच्याकडे वळले.

‘पहिल्यांदा एजंटबरोबर आले तेव्हा मला माहीत नव्हतं गं. शपथ. आमची इमारत पाडतायत, मला तळमजलाच हवा होता. तू घरी नव्हतीस. दार उघडलं आणि चिवडा अंगावर आला. तेव्हा कळलं हे तुझं घर.’

‘आणि दुसऱ्या दिवशी तू मला मोकाटमध्ये गुळपोळी खाऊ घातलीस.’

‘हो.’

‘मी चौघांच्या खांद्यांचं तुला सांगितलं होतं. ते आधी की नंतर?’

‘आधी,’ ती म्हणाली.

कपातला चहा निवला. ती हळू आवाजात पुढे बोलत राहिली. मी घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं. संकुलात कुत्रा चालत नाही. निमिष चिवड्याला कर्जतच्या कुठल्याशा आश्रमात टाकणार होता. डोळे नसलेलं जनावर पिंजऱ्यात काय करेल? म्हणून तीच म्हणाली, घराबरोबर तोही राहू दे. पण तिच्यासमोर हिरवा लागल्याशिवाय तो तिच्या नावावर होत नव्हता. म्हणून गुरुवार.

म्हणजे माझे गुडघे, माझी गाडी, माझ्या मुलाची काळजी, सगळं चिवड्याच्या झोपेसाठी चाललं होतं. मी वाशीला पाय वर-खाली करत होते तेव्हा माझ्या घरात माझा वास पुसायची तयारी सुरू होती. मुलाचा राग तरी ओळखीचा होता, त्याला मी लहानपणापासून रागावत आलेय. हिच्यावर कसं रागवायचं तेच मला येत नव्हतं.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. भाड्याची खोली शोधली. एकटी म्हातारी आणि आंधळा कुत्रा म्हटल्यावर घरमालक हसून दार लावायचे. चिवड्याला घेऊन पनवेलला चुलतबहिणीकडे राहून पाहिलं. तिथे त्याने पहिल्याच दिवशी टीपॉयवर डोकं आपटलं, आणि मग एका कोपऱ्यात थरथरत उभा राहिला. बसेना, खाईना. मी जवळ घेतलं की तेवढ्यापुरता शांत व्हायचा. मी त्याचं माणूस होते, पण त्याचं घर ती गोधडी, ती पायरी आणि तो कढीपत्ता होता. परत आणलं तेव्हा दारातून आत शिरला आणि सरळ पाण्याच्या भांड्याशी गेला, एकदाही न धडपडता. ते पाहून मी काय ते समजले.

नावबदल मोकाटमध्येच होतो, कुत्रा मोकळा असताना. रविवारी सकाळी तांडेल मॅडमने चिवड्याला मधोमध सोडलं. राजमाची आई पुढे आली, हिरवा लागला. नियमाप्रमाणे ज्याच्या-ज्याच्यासाठी हिरवा लागतो त्या प्रत्येकाला विचारतात. चिवडा माझ्याकडे आला. हिरवा.

‘काकू, तुमची काही हरकत?’

एक ‘हो’ म्हटलं असतं तर ते तिथेच थांबलं असतं. निमिष घड्याळ बघत होता. राजमाची आई जमिनीकडे. मला ‘हो’ म्हणायची इतकी इच्छा झाली की दात आवळावे लागले. चिवडा माझ्या चपलेवर बसला होता.

‘कुत्र्याबद्दल नाही,’ मी म्हटलं. ‘या दोघांबद्दल आहे. पण त्याला तुमच्याकडे रंग नाही.’

निमिष जूनमध्ये गेला. निरोपाला मी विमानतळावर गेले नाही. तो दर आठवड्याला फोन करतो. मी डोंगर कसा आहे ते सांगते.

संकुलातून मोकाटला यायला दोन बस बदलाव्या लागतात. तरी मी एक रविवार सोडून एक रविवार यायचे. राजमाची आई चिवड्याला आणायची आणि लांबच्या झाडाखाली जाऊन उभी राहायची. आम्ही बोलत नव्हतो. मी यायच्या आधी बाकावर एक उशी ठेवलेली असायची. तिचीच, हे उघड होतं. मी सुरुवातीला ती बाजूला सारली, पण दगडी बाक आणि माझे गुडघे, यांच्यापुढे स्वाभिमान किती ताणणार? बसायला लागले.

तांडेल मॅडमने मला आधीच सांगून ठेवलं होतं, ‘काकू, मनाची तयारी ठेवा. घरातला वास उडाला की दोन-तीन महिन्यांत हिरव्याचा निळा होतो. तुम्ही ओळखीच्या राहाल, घरच्या नाही.’ प्रत्येक वेळी मी हात पुढे करायचे आणि दिव्याकडे बघायचे. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा आला. हिरवाच! संकुलात मी सगळ्यांना सांगत सुटले की माझ्या कुत्र्याने शास्त्रज्ञांना हरवलं. माणसं विसरली, चिवडा विसरला नाही. त्या एका दिव्यावर मी तिथले दिवस काढत होते.

एकदा हेच मी तांडेल मॅडमला ऐकवलं. वाटलं, पोरीला आनंद होईल. तिने मान हलवली.

‘काकू, असं होत नाही.’

‘झालंय ना पण.’

‘नाही होत. तुमचा वास त्याच्या झोपायच्या जागेत कुठून तरी येतोय. ताजा.’

मी बाकाकडे पाहिलं. मग झाडाखाली उभ्या असलेल्या तिच्याकडे गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

‘उशी कुठे ठेवतेस?’

ती झाडाची साल खरवडायला लागली.

‘मी विचारतेय. घरी गेल्यावर ही उशी कुठे जाते?’

‘त्याच्या गोधडीत,’ ती म्हणाली. ‘तुझ्यासमोर निळा लागला असता तर तुला सोसलं नसतं. तुला वाईट वाटू नये म्हणून गं.’

‘निमिषही हेच म्हणाला होता. तुला त्रास नको म्हणून.’

‘मी तुझं इतकं वाईट केलंय, निदान एवढं तरी...’

‘पुन्हा मला न विचारता!’ माझा आवाज चढला. सुलतानचे बाबा वळून पाहायला लागले. ‘माझं घर घेतलंस ते न विचारता. माझा कुत्रा घेतलास तो न विचारता. आता त्याचं प्रेम मला वाटीवाटीने देतेस, तेही न विचारता? मी इथे दोन बस बदलून तुझी दया बघायला येते का?’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिची कीव आली आणि त्याचाही राग आला. मी उशी पिशवीत कोंबली आणि तळेगावला घेऊन गेले.

नंतरही मी येत राहिले. गुडघे दुखायचे, पण बाकावर नुसतीच बसायचे. थंडी पडली. एका रविवारी चिवडा आला, हवेत नाक फिरवलं, माझ्या हातापर्यंत पोचला. हुंगलं. जरा वेळ घेतला. मग दिवा लागला.

निळा.

मी खूप वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. सुलतानच्या बाबांची बायको पाण्याची बाटली घेऊन आली, मी तिला हातानेच नको म्हटलं. एवढं दुःख मला विमान उडालं तेव्हाही झालं नव्हतं. पण त्या वर्षात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या भल्याचा विचार न करता मला खरं ते सांगितलं होतं.

चिवडा शेपटी हलवत होता. ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मी त्याचे कान चोळले, तिथे तिळाएवढा सेन्सर बोटाला लागला. ऊन वर आलं होतं आणि त्याची जेवायची वेळ झाली होती. तो सारखा झाडाच्या दिशेने नाक वळवत होता.

‘जा,’ मी त्याला म्हटलं. ‘घरी जा.’